दगडाबाईंची नडगी

हाड कसं सांधतं यावर मी तासभर बोलू शकते, आणि लोक तेवढा वेळ ऐकत नाहीत म्हणून मला राग येतो. मी सुमय्या, फिजिओथेरपिस्ट. शहरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. सगळ्यांना वाटतं, हाड डॉक्टर जोडतात. डॉक्टर तुकडे समोरासमोर आणतात, ते हलू नयेत म्हणून प्लेट आणि स्क्रू लावतात आणि कातडी शिवून घेतात. पुढचं सगळं हाड स्वतःच करतं. त्याला फक्त रक्त लागतं, थोडा भार लागतो आणि वेळ लागतो. या तिन्ही गोष्टी आमच्याकडे येणाऱ्या माणसांच्या घरात मुबलक असतात असं नाही.

दगडाबाई जूनमध्ये आल्या, बिडकीनहून, गाडीच्या मागच्या सीटवर आडव्या. सोबत धाकटा मुलगा सत्यम. त्यांच्या नवऱ्याला, फकिरांना, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दगडाबाई रोज सकाळी त्यांना काखेत धरून बाजेवरून उठवत आणि खुर्चीत बसवत. त्या दिवशी फकिरांचा पाय घसरला. बाईंनी धरलेला माणूस सोडला नाही, तो अंगावर आला आणि खाली त्यांची नडगी पिळवटून घोट्याच्या वर मोडली. सोडलं असतं तर मोडली नसती, असं आमचे सर्जन लोमटे सर सहज बोलून गेले. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की सर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

नडगीचा खालचा भाग म्हणजे वाईट जागा. वर पोटरीचं मांस असतं, तिथून हाडाला रक्त मिळतं. खाली नुसती कातडी आणि हाड. लोमटे सरांनी प्लेट उत्तम बसवली. ते ऑपरेशन चांगलंच करतात, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मग त्यांनी सत्यमला नेहमीचं समजावलं. प्लेट म्हणजे टेकू. ती कायम भार घ्यायला नसते. तार वाकवत राहिलं की एक दिवस तुटते, तशी प्लेटही थकते. ती थकायच्या आत हाडानं सांधायला हवं. ही शर्यत आहे, आणि ती दरवेळी हाड जिंकतंच असं नाही. सत्यम मान हलवत होता, पण त्याचं लक्ष फोनकडे होतं.

बाईंचं मात्र होतं. त्यांनी मला एकटीला धरून विचारलं की दिवाळीपर्यंत जुळेल का. मी म्हटलं, सगळं नीट झालं तर त्या सुमाराला जुळायला हरकत नाही. दिवाळीच का, हे मला सत्यमकडून कळलं. थोरला मुलगा सांडू पुण्याकडे एका कारखान्यात होता, धाकटा इथंच वाळूजला. दोघांच्याही खोल्या लहान. दोन म्हातारी माणसं एकाला झेपणार नाहीत, म्हणून त्यांनी ठरवलं होतं की आई दिवाळीपर्यंत पायावर उभी राहिली तर बिडकीनचं घर आहे तसं चालू राहील. नाही राहिली तर बाप थोरल्याकडे, आई धाकट्याकडे. सत्यमनं हे फ्रिज इकडं आणि कपाट तिकडं अशा सुरात सांगितलं. मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. पण तो वाईट पोरगा नव्हता, नुसता दमलेला होता. रात्रपाळी करून थेट आईच्या उशाशी आलेला.

शनिवारी मी बिडकीनला एका दवाखान्यात बसते, त्यामुळे घरी सोडल्यावर बाईंचे व्यायाम घ्यायला मी त्यांच्याकडे जाऊ लागले. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, अंगणात कडुलिंब. आता बाजा दोन झाल्या होत्या. फकिरांना उठवायला शेजारच्या गोजरबाई आणि त्यांचा मालक यायचे, आणि दगडाबाई स्वतःच्या बाजेवरून हुकूम सोडायच्या: डाव्या अंगानं धरा, मान सांभाळा, आधी धोतर नीट करा.

फकिरांना बोलता येत नव्हतं म्हणजे एकच शब्द येत होता. "दा." कुठल्याही गोष्टीला दा. मला सगळे दा सारखे ऐकू यायचे. बाई भाजी निवडता निवडता, वर न बघता सांगायच्या की त्यांना पाठ खाजवून हवीय, की गोजरबाईला चहा विचारा म्हणतात, की ही पोरगी वाळली लई म्हणतात. ही पोरगी म्हणजे मी. मी फकिरांकडे बघितलं तर ते अर्ध्या तोंडानं हसत होते. खरंच तेच म्हणाले होते. वाचा गेलेली माणसं मी खूप बघितली आहेत, ती हळूहळू चिडकी होतात आणि मग गप्प होतात. हा माणूस दिवसभर गप्पा मारत होता, कारण ऐकणारं माणूस समोर होतं. तेव्हा मला कळलं की बाईंच्या पायावर नेमकं काय उभं आहे, आणि त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये मला भीती वाटली.

सप्टेंबरचा एक्स-रे काळा निघाला. म्हणजे दोन तुकड्यांच्या मध्ये जिथं नव्या हाडाचा धुरकट ढग दिसायला हवा, तिथं स्वच्छ काळी रेघ. सरांनी फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघितली. जंतू नाहीत, साखर नाही, प्लेट जागेवर. आल्या दिवशी शिकाऊ डॉक्टरनं तंबाखू, गुटखा, दारू सगळं विचारलं होतं, आणि बाईंनी देवाची शपथ घेऊन नाही म्हटलं होतं. मग हाड का जुळत नाही, ते सरांना कळेना. वय असेल, म्हणाले. वय म्हणजे डॉक्टरांची अडगळीची खोली, कळत नाही ते सगळं तिथं टाकतात.

पुढच्या शनिवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. ओसरीवर पाय ठेवला आणि एक वास आला. तो वास मी विसरणं शक्यच नाही. माझी दादी रोज सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, आम्ही पोरं खोकत बाहेर पळायचो. आत दगडाबाई बाजेवर बसून मिश्री लावत होत्या. बोट हिरड्यांवरून सावकाश फिरत होतं, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड काळं. मला बघून त्यांनी डबी पुढं केली.

"लावती का, बाई? दात लई पांढरे तुझे, पण कच्चे असतील."

मी विचारलं, दिवसातून किती वेळा. त्या म्हणाल्या, पूर्वी सकाळ-संध्याकाळ, पण पाय मोडल्यापासून ठणका उठला की लावते, तेवढीच झिंग येते आणि दुखणं मागं पडतं. रात्री गालात धरूनच झोपते. मी म्हटलं, मावशी, डॉक्टरांनी तंबाखू विचारली तेव्हा नाही का म्हणालात. माझा आवाज चढला होता, गोजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्या कुठं तंबाखू खाल्ली?" दगडाबाई म्हणाल्या. "ही दाताची हाय."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तंबाखू खातात ती पुरुषमाणसं, पारावर बसून, चुना चोळून. मिश्री ही बाईमाणसाची, न्हाणीतली, दात घासायची. माझ्या दादीला कुणी तंबाखू खातेस का विचारलं असतं तर तिनं त्याला घराबाहेर काढलं असतं. आणि आमच्या शिकाऊ डॉक्टरांना पुस्तकात जे शब्द मिळाले तेच ते विचारतात. मला दोघांचाही राग आला आणि दोघांनाही काही म्हणता येईना.

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. तंबाखूतलं विष हिरडीतून रक्तात जातं. रक्ताच्या बारीक नळ्या आवळून धरतं. तुमच्या नडगीला मुळात रक्त थोडं, तेही तिथपर्यंत पोचत नाही. हाड बांधायला आलेले कामगार उपाशी बसलेत, मावशी, आणि टेकू एकटा भार घेतोय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डबी गोजरबाईंकडे दिली आणि चुलीत रिकामी करायला सांगितली. पलीकडच्या बाजेवरून फकिरा काहीतरी म्हणाले. बाई पदरानं तोंड पुसत राहिल्या.

चाळीस वर्षांची सवय एका दिवसात तोडणं काय असतं ते मी पुढचा महिनाभर बघितलं. डोकं फुटायचं, पोट साफ होईना, हात थरथरायचे, झोप गेली. गोजरबाईंना त्या वाट्टेल ते बोलल्या. मलाही एकदा चालती हो म्हणाल्या. पण मिश्रीला शिवल्या नाहीत. आणि ऑक्टोबरच्या एक्स-रेत तो ढग आला. अगदी फिका, नसल्यासारखा, पण होता. लोमटे सरांनी मला केबिनमध्ये बोलावून दाखवला. मी वेड्यासारखी हसत होते. सरांनी बाईंना बजावलं की आता हाड धरायला लागलंय, पण प्लेट चार महिने एकटी राबलीय. वॉकर घेऊन, अर्धाच भार. अजून दोन महिने. दिवाळी पंधरवड्यावर आली होती. मी सत्यमला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा, अजून थोडं थांबा, हाड जुळतंय. तो म्हणाला, दादाला सांगतो.

पुढचं मला सत्यमनंच सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून, रडत. दिवाळीच्या आधी सांडू बायकोला घेऊन आला होता. रूपा तिचं नाव. चहा झाला आणि सांडूनं विषय काढला. गाडी आहेच तर बाबांना आत्ताच घेऊन जातो, आईचा पाय काही इतक्यात व्हायचा नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सत्यम सांगायला लागला, पण सांडू म्हणाला, अजून दोन महिने, मग अजून दोन, असंच चालायचं. कुणाचा आवाजही चढला नव्हता. दगडाबाईंनी वॉकर भिंतीला लावला. नवऱ्याच्या बाजेपाशी गेल्या, त्यांना काखेत धरलं, दोन्ही पायांवर भार घेऊन उचललं आणि खुर्चीत बसवलं. नीट बसवलं. मान सांभाळली, धोतर सारखं केलं. मग मुलांकडे वळल्या आणि वळताना पाय आतल्या आत तुटला. सगळ्यांना आवाज आला, सत्यम म्हणाला.

प्लेट स्क्रूच्या भोकातून दुभंगली होती. मला त्या बाईचा राग आला, इतका राग आला की मी पहिले दोन दिवस वॉर्डात गेलेच नाही. अर्धा भार म्हणजे अर्धा भार. पण तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला देता येईना, आणि मग गेले. सरांनी दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं. कमरेच्या हाडातून चुरा काढून मोडलेल्या जागी भरला, नवी प्लेट लावली. बाई शुद्धीवर येत होत्या त्या दुपारी सांडू फकिरांना घेऊन पुण्याला गेला. भेटायला आणलं नाही. जिना चढवणं अवघड, म्हणाला. पुढं बिडकीनचं घरही रिकामं राहिलं नाही. कारखान्यांमुळं तिथं खोल्यांना मरणाची मागणी, दोन्ही भावांनी मिळून ते परराज्यातल्या कामगारांना भाड्यानं दिलं.

दगडाबाई वाळूजला सत्यमच्या खोलीत राहिल्या. व्यायामात कधी कसूर केली नाही. सांगितलं तेवढंच केलं, सांगितलं तितकाच भार दिला. बोलणं मात्र कमी झालं. मी काहीतरी चेष्टा करायची, त्या हो म्हणायच्या.

मे महिन्यात हाड जुळलं. ढग घट्ट झाला होता, काळी रेघ कुठंच नव्हती. सरांनी फिल्म दोनदा बघितली आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवली. मी बाईंना बाहेरच्या बाकावर ही बातमी दिली तेव्हा सत्यमच्या फोनवर पुण्याहून व्हिडिओ कॉल आला होता. पडद्यावर फकिरा दिसत होते, खूप वाळलेले, दाढी वाढलेली. ते दा म्हणत होते. पुन्हा पुन्हा, एका सुरात. मागून रूपाचा आवाज आला, थकलेला, पण वाईट नव्हे.

"आई, बाबा काय म्हणतायत हो? महिना झाला, हेच चाललंय. पाणी देते, नको. जेवायला देते, नको. मला कळतच नाही."

दगडाबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ ऐकलं.

"मान अवघडली म्हणतात," त्या म्हणाल्या. "उशी बारीक दे, पोरी."

रूपा बरं म्हणाली आणि फोन ठेवला. सत्यम औषधं आणायला गेला. मी म्हटलं, मावशी, बरं झालं सांगितलंत, बिचारीला कळत नव्हतं.

"मानेचं नाय काही," त्या म्हणाल्या. "मला घरला ने म्हणतात. त्यायला वाटतं, मी आनाया येते म्हणून दम काढतात. हिला सांगून काय करू? घर हाय कुठं?"

मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. मग मी त्यांना उठायला सांगितलं, कारण माझं काम तेवढंच होतं. त्या वॉकर न घेता उठल्या आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, दोन्ही पायांवर सारखा भार देत, जराही न लंगडता. लोमटे सर दारात उभे राहून बघत होते आणि फार खूश होते.