सत्तावीस नंबरचा प्रवासी

भाईंदर पश्चिमेच्या 'नवसंजीवन' सोसायटीत विमानातला जाणकार माणूस एकच होता, आणि तोही विमानात बसलेला नव्हता.

पंढरीनाथ शिगवण सोसायटीचे सेक्रेटरी. अंधेरीच्या एका रंगाच्या कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेले. सत्याऐंशी साली कंपनीने त्यांना दिल्लीच्या प्रदर्शनात स्टॉल मांडायला पाठवलं होतं. साहेब विमानाने गेले आणि पंढरीनाथ रंगाच्या डब्यांबरोबर सेकंड क्लासने. परत आल्यावर साहेबांनी खिसे रिकामे करताना विमानात वाटलेल्या दोन गोळ्या आणि उलटीसाठी ठेवतात ती कागदी पिशवी त्यांच्या टेबलावर टाकली. गोळ्या पंढरीनाथांनी घरी नेऊन बायकोच्या हातावर ठेवल्या. "अय्या, म्हणजे तुम्ही विमानाने आलात?" उर्मिलाबाईंनी विचारलं. पंढरीनाथ नुसते हसले. खोटं बोलायला दर वेळी तोंड उघडावं लागतंच असं नाही. ती उलटीची पिशवी शोकेसमध्ये, लाकडी बाहुल्यांच्या शेजारी जाऊन बसली.

पुढची बावीस वर्षं मात्र त्यांचं तोंड उघडंच राहिलं. कुणाचा मुलगा दुबईला निघाला, कुणाची मुलगी बंगलोरला, की आधी शिगवणकाकांचा सल्ला. पूर्वेच्या जेसल पार्कातूनसुद्धा माणसं यायची. पोट हलकं ठेवा, कानात कापूस घाला, लवंग चघळा, खाली बघू नका. एवढ्या चार वाक्यांवर माणसाने बावीस वर्षं मान मिळवला. जाऊन आलेले लोक लवंगेचे आभार मानायचे आणि काका डोळे मिटून ते स्वीकारायचे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी उर्मिलाबाईंची थोरली बहीण आनंदी नागपूरला अत्यवस्थ झाली. भाचा सूरज फोनवर रडतच म्हणाला, "मावशी, दोघांची विमानाची तिकिटं काढतो, आई तुझं नाव घेतेय." उर्मिलाबाई पिशवी भरायला धावल्या. पंढरीनाथांनी त्यांना थांबवलं. "तुझा कान लहानपणापासून वाहतो. वर गेल्यावर फुटेल. मी बसलोय, मला माहितेय." त्यांना माहीत होतं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. दोघं गाडीने गेली आणि पोचली तेव्हा मंडळी स्मशानातून परतून अंगणात हातपाय धूत होती. उर्मिलाबाईंनी त्यांना कधी दोष दिला नाही. माझा कानच मेला दळभद्री, असंच त्या म्हणत आल्या. म्हणूनच ते खोटं आता नुसती फुशारकी राहिलं नव्हतं. ते उघडं पडलं तर लोक हसतील हा भाग वेगळा, पण घरात काय होईल याचा विचार पंढरीनाथ करतच नसत.

दोन हजार नऊच्या एका गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरचा जितेंद्र त्यांच्याकडे आला. विमानतळाला माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो सुपरवायझर होता.

"काका, एअरपोर्टची नवी इमारत रेडी झालीये. उद्घाटनाआधी ट्रायल घेणार. खरे पॅसेंजर सोडायच्या आधी खोटे फिरवून बघतात. चाळीस माणसं माझ्याकडून पाहिजेत. नाश्ता, जेवण, टोपी, बस दारात. तुम्ही अनुभवी, तुम्हीच लीडर."

"माझी पाठ धरलीये रे," पंढरीनाथ म्हणाले.

"पाठ सकाळपासून बरी आहे," आतून उर्मिलाबाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत विमान नाही दाखवलंत, निदान विमानतळ तरी दाखवा!" आणि त्यांनी कपाटातून मोरपंखी साडी काढलीसुद्धा.

रविवारी सकाळी बस भरली. प्रत्येकाने दहा किलोची बॅग आणायची होती. कुणी तांदूळ भरले, कुणी जुनी रद्दी. पंढरीनाथांनी सोसायटीच्या पंधरा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं भरली, ती तशीही कुणी वाचत नव्हतं. विमानतळावर पोचल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या. छत एवढं उंच की नवसंजीवनच्या दोन्ही विंगा एकावर एक ठेवल्या असत्या तरी वर पाण्याची टाकी बसली असती. एका कोपऱ्यात बाळाला दूध पाजायची खोली, दुसऱ्या कोपऱ्यात प्रार्थनेची. माणूस कसा आहे ते सोडून त्याला काय काय लागू शकतं याचा सगळा विचार तिथे झाला होता. नळाखाली हात धरला की पाणी आपसूक येत होतं. भाईंदरला दिवसाआड पाणी बघणाऱ्या बायांनी ते पाहिलं आणि सगळ्या आपापल्या बाटल्या घेऊन पुन्हा आत गेल्या.

मग कोट घातलेल्या एका तरुणीने प्रत्येकाच्या छातीवर नंबराचा बिल्ला लावला आणि हातात एकेक कार्ड दिलं. ज्याच्या कार्डावर जे लिहिलंय तसं वागायचं, आणि वह्या घेऊन उभे असलेले निरीक्षक ते टिपून घेणार. तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाबाई बासष्टच्या. त्यांच्या वाट्याला 'प्रसूतीच्या कळा सुरू झालेली प्रवासी' आलं. मिशीवाला वॉचमन सदू 'हरवलेलं मूल' झाला आणि लगेच मनापासून हरवून गेला, तो जेवणापर्यंत सापडला नाही.

पंढरीनाथांना सत्तावीस नंबरचा बिल्ला मिळाला. त्यांनी कार्ड वाचलं. 'पहिल्यांदाच विमानाने जाणारा, गोंधळलेला प्रवासी.'

चाळीस माणसांत नेमकं हे कार्ड आपल्यालाच? "हे चुकून आलंय," ते तरुणीला म्हणाले. ती दुसऱ्या रांगेकडे निघून गेली होती. त्यांनी उर्मिलाबाईंच्या हातातलं कार्ड पाहिलं. 'नेहमी विमानाने फिरणारा व्यावसायिक.' बिल्ला अठ्ठावीस.

"आण ते इकडे. तुला नाही जमायचं," म्हणून त्यांनी कार्ड बदललं. बिल्ला बदलायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

"मला आपलं हेच बरं," उर्मिलाबाई म्हणाल्या. "विचारत विचारत जाईन."

आणि त्या खरंच विचारत गेल्या. दारावरच्या जवानाला विचारलं, सफाई करणाऱ्या बाईला विचारलं, एका निरीक्षकालाही विचारलं. जिथे जायचं तिथे नीट पोचत होत्या. पंढरीनाथ मात्र नेहमी फिरणारे. नेहमी फिरणारा माणूस विचारेल कशाला? बाण डावीकडे असले तरी ते रुबाबात उजवीकडे वळले आणि दुधाच्या खोलीत शिरून बाहेर आले.

बॅगा द्यायच्या काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, सीट कौनसी दूँ?"

या प्रश्नाची त्यांनी तयारी केली नव्हती. नव्हे, त्यांना वाटत होतं केली आहे. छाती पुढे काढून, काउंटरवर कोपर टेकून ते म्हणाले, "लोअर देना. घुटने में दर्द रहता है."

मुलीने ओठ दाबले. मागच्या निरीक्षकाने भराभर काहीतरी लिहिलं. तेवढ्यात इतिवृत्तांची बॅग पट्ट्यावरून सरकू लागली आणि पंढरीनाथांनी झडप घालून तिचं हँडल पकडलं. "ओ, बॅग कुठे नेताय? सीटखाली ठेवीन मी!" पट्टा थांबेना, ते सोडेनात. दोन पावलं पट्ट्याबरोबर फरफटत गेल्यावर जितेंद्रने त्यांना कमरेला धरून मागे ओढलं.

सगळे हसत होते. पंढरीनाथांनी शर्ट खाली ओढला आणि हसण्यात हसू मिसळलं. मग त्यांचं लक्ष उर्मिलाबाईंकडे गेलं. त्या शेजारच्या काउंटरवर उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. नवऱ्याकडे बघत होत्या, डोकं जरा कलतं करून, कुकर झाला की नाही हे ऐकताना करायच्या तसं.

तिथून पुढे त्यांनी पंढरीनाथांना एक शब्द विचारला नाही. सकाळपासून प्रत्येक गोष्टीला "अहो, हे काय?" चाललं होतं, ते बंद झालं. पंढरीनाथांना ते आधी बरं वाटलं आणि मग अजिबात बरं वाटेना. तपासणीच्या जागी त्यांनी कुणी सांगायच्या आधीच दोन्ही हात वर केले आणि पलीकडे गेल्यावरही खाली घ्यायला विसरले. जवानाने त्यांच्या खिशातून लवंगांची पुडी काढली, हुंगली आणि परत दिली. उर्मिलाबाई मागे उभ्या राहून हेही बघत होत्या. खरंतर पंढरीनाथांना तेव्हाच मागे वळून सांगून टाकावंसं वाटलं. पण पाठीमागे रांग होती, रांगेत सगळी सोसायटी होती, आणि लीडर ते होते.

शेवटी सगळ्यांना विमानापर्यंत नेणाऱ्या बसमध्ये बसवलं. विमान नव्हतंच. बसने मैदानाला एक वळसा घातला आणि त्याच इमारतीच्या दुसऱ्या दाराशी, येणाऱ्या प्रवाशांच्या बाजूला सोडलं. माणसं जिथून निघाली होती तिथेच येऊन पोचली, आणि ट्रायल यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. मंदाबाईंना चाकाच्या खुर्चीवरून आणण्यात आलं, त्यांना मुलगा झाला असं ठरलं होतं. टाळ्या झाल्या.

मग मोठे साहेब माइकवर आले. आजच्या सर्वोत्तम प्रवाशाला बक्षीस आहे, ते हिंदीत म्हणाले. पहिल्यांदा विमानाने जाणारा माणूस कुठे अडखळतो हे आम्हाला कळायला हवं होतं. या गृहस्थांनी ते इतकं हुबेहूब दाखवलं की आमच्या लोकांनी दोन पानं भरून टिपणं घेतली. "नंबर सत्ताईस!"

पंढरीनाथांनी छातीवरचा बिल्ला पाहिला. तो त्यांनी हाताने झाकला. पण टाळ्यांचा कडकडाट झाला होता, जितेंद्र त्यांना पुढे ढकलत होता, आणि मंदाबाई बाळंतपण विसरून ओरडत होत्या, "काय अ‍ॅक्टिंग केलीत सेक्रेटरी! लोअर काय, बॅग काय!" तेव्हा त्यांना उमगलं की आपण वाचलो. नुसते वाचलो नाही, वर चढलो! हातात प्लॅस्टिकच्या डबीतलं छोटं विमान आलं आणि जीभ पुन्हा सैल सुटली. "कॉलेजात थोडा नाटकाचा नाद होता," ते माइकवर म्हणाले. ते कॉलेजात गेले नव्हते, पण आता काय फरक पडत होता?

परतीच्या बसमध्ये तोच विषय. अंधेरी गेलं, बोरिवली गेलं, पंढरीनाथ लोअरचा किस्सा तिसऱ्यांदा रंगवून सांगत होते. उर्मिलाबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर जेवणाचं न उघडलेलं पाकीट. पहिल्या मजल्यावरच्या ममताबेन पुढच्या सीटवरून मागे वळल्या.

"अंकल, एक बात पूछनी थी. माझी मम्मी भावनगरला आहे ना, तिला ऑपरेशनसाठी इकडे आणायची आहे. ट्रेनमध्ये बहोत हाल होतील. भाऊ बोलतो प्लेनने आण. पण मम्मीला बीपी आहे. चालेल काय?"

पंढरीनाथांनी डोळे मिटले, मान डोलावली, बोट वर केलं. "बीपी? मग विमानाचं नावच काढू नका. वर गेल्यावर प्रेशर जे असतं ना, ते मी स्वतः..."

"यांना विचारू नका ममताबेन," उर्मिलाबाई म्हणाल्या. "हे आयुष्यात विमानात बसलेले नाहीत."

बसमध्ये हशा पिकला. काकूही अ‍ॅक्टिंग करतायत, कुणीतरी म्हणालं. उर्मिलाबाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

"माझी बहीण जात होती तेव्हा मला विमानाने जायचं होतं. तुझा कान फुटेल, मी बसलोय, मला माहितेय, असं म्हणाले. गाडीने गेले मी. तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सहा वर्षं मी या कानाला शिव्या देतेय."

ड्रायव्हरने लावलेलं गाणं जितेंद्रने पुढे जाऊन बंद केलं. पंढरीनाथांनी हातातली डबी खिशात टाकली. "अगं, तुझ्या काळजीनेच मी तेव्हा..." ते कसंबसं म्हणाले.

"सूरज दोन तिकिटं काढत होता," उर्मिलाबाई म्हणाल्या. "शेजारी तुम्ही बसणार होतात. सीटचा पट्टा कसा लावायचा ते मी तुम्हाला विचारलं असतं. त्याची काळजी होती तुम्हाला."

हे पंढरीनाथांनी स्वतःशीसुद्धा कधी इतकं स्वच्छ म्हटलं नव्हतं.

उर्मिलाबाई ममताबेनकडे वळल्या. "मलाही यातलं कळत नाही. डॉक्टरला विचारा. तो हो म्हणाला तर आजच तिकीट काढा, आणि दुसऱ्या कुणाचं ऐकू नका."

दहिसरचा नाका आला. ममताबेनने मोबाइल काढला आणि भावाला गुजरातीत सांगितलं, डॉक्टरला फोन कर. उर्मिलाबाई उठल्या, मागे जाऊन मंदाबाईंच्या शेजारी बसल्या, आणि तिथे त्यांनी पाकीट उघडून जेवायला सुरुवात केली. पंढरीनाथांच्या शेजारची जागा भाईंदरपर्यंत रिकामी राहिली. बसमध्ये तीन माणसं उभी होती, पण तिथे येऊन बसलं कुणीच नाही.