त्याच्या उशीवरची दुपार

रबराचं एक बटण, भुवईच्या जरा वर रुतणारं.

वेलदोड्याचा वास, ओव्हनमध्ये वेणी घातलेला गोड पाव.

कागदाच्या मिलचा भोंगा—आता वाजत नाही, तरी कान वाट पाहतात.

‘गाढ झोपेत मेंदू धुऊन निघतो...’ एका तरुण मुलीचा आवाज.

आयलीने रबरी बटणांची झोपेची पट्टी पुसली आणि नवऱ्याच्या, रेइनोच्या, उशाशी चार्जिंगला लावली. रात्री तो ती कपाळाला बांधून झोपतो, आणि ती त्याची झोप मोजून विद्यापीठाला कळवते. झोप गाढ लागली की पट्टी कानाशी बारीक फुसफुसते, त्याने झोप आणखी खोल जाते, आणि त्याचं विसरणं लांबतं, कदाचित—हा ‘कदाचित’ विद्यापीठातली डॅनिका दर वेळी आठवणीने घालते, कारण संशोधन अजून चालू आहे. प्रयोगाचा नियम एकच: खाटेवर तो एकटा हवा. शेजारी कुणी कूस बदललेली चालत नाही. म्हणून आयली मुलाच्या जुन्या खोलीत झोपते, म्हणजे पडून राहते, भिंतीला पाठ लावून.

मिलच्या पाळ्यांत त्याचं आयुष्य गेलं. तो पहाटे घरी यायचा तेव्हा मी कामाला निघालेली असायचे, आणि माझ्या अंगाने उबदार झालेल्या जागेत तो शिरायचा... एकाच खाटेवर आम्ही एकामागून एक झोपलो, एकत्र फार कमी. ते सुख निवृत्तीनंतरचं. आधी त्याच्या घोरण्याने मला झोप येईना, मग त्याच्याशिवाय येईना. त्या पाळ्यांनीच त्याची आठवण कुरतडली का? डॅनिका म्हणाली, पाळ्यांचा संबंध दिसतो, पण एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही.

फोन वाजला. डॅनिकाच होती.

“मिसेस कोस्केला, मंगळवारी दुपारी झोपले होते का ते?”

मंगळवारी दुपारी... रेइनो अंगणात बर्फ काढत होता आणि तिला फक्त तो फुसफुसणारा आवाज ऐकायचा होता, रोज रात्री जो त्याच्याजवळ असतो आणि तिच्याजवळ नसतो. पट्टी कपाळाला बांधून ती त्याच्या उशीवर पडली, वाट पाहत—आणि पडल्यावर लक्षात आलं की तो आवाज गाढ झोपलेल्यासाठीच असतो, त्यालाही तो कधी ऐकू आलेला नाही. उशीला त्याच्या मानेचा वास होता. मग काहीच आठवत नाही.

“इतकी गाढ झोप त्यांची आजवर नव्हती. काय केलं होतं त्यांनी?”

“बर्फ काढला होता त्याने,” आयली म्हणाली. हे खरंच होतं.

“मग शेजाऱ्यांचाही काढायला पाठवा.” डॅनिका हसली. “डॉक्टर खूश आहेत. एकट्याने झोपणं त्यांना मानवतंय, असंच पुढे चालू ठेवू या म्हणतात. तुमची हरकत नाही ना?”

“कोण गं, म्हातारे?” स्वयंपाकघरातून रेइनोने विचारलं.

तिने फोनवर हात ठेवला. “विद्यापीठातली.”

“काय सापडलं माझ्या डोक्यात?”

“झोप.”

“मिलमधली असेल. मालकाला कळवू नको म्हणावं, पगार परत मागेल.”

सांगितलं तर ती दुपार खोडतील, आणि नियम मोडला म्हणून कदाचित रेइनोलाही काढतील. नाही सांगितलं तर माझीच झोप मला त्या खोलीबाहेर ठेवणार... भिंतीपलीकडून त्याने मला ओळखत राहावं, की शेजारी झोपून हळूहळू विसरावं—हे कुणी असं विचारतं का माणसाला, फोनवर, पाव ओव्हनमध्ये असताना?

“मिसेस कोस्केला? ऐकताय ना?”

ऐकत होती. पण मनात भलतंच काही वर येत होतं: विद्यापीठातल्या कुठल्याशा पडद्यावर तिची झोप त्याच्या नावाखाली पडून आहे, आदल्या रात्रीच्या त्याच्या झोपेला लागून, मध्ये भिंत नाही. ते कुणी खोडू नये असं तिला वाटलं—आणि ते त्याच्यासाठी वाटतंय की स्वतःसाठी, ते काही केल्या तिला ठरवता येईना.

मंगळवारी ती झोपलेली असताना रेइनो बुटांसकट खोलीत आला होता, तिच्या अंगावर पांघरूण घालून पुन्हा बर्फ काढायला गेला होता, आणि संध्याकाळपर्यंत ते विसरला होता.