हरकत असल्यास तीन दिवसांत कळवा

हेडमास्तरांची चावी काढून घ्यावी, हा प्रस्ताव मीच मांडला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडायला नकोत.

आमचा प्रोग्रॅम दिसत नसलेल्यांना कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवतो. तो कुणीही फुकट घ्यावा. घडवणारे आम्ही चौदा जण चौदा ठिकाणी बसतो, आणि एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. त्यातले सगळ्यात पहिले ते, ज्यांना आम्ही हेडमास्तर म्हणतो. बायकोची दृष्टी गेली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी तो लिहायला घेतला. आम्ही काहीही पाठवलं की त्यांचा शेरा ठरलेला: ‘पुन्हा करा. चौथ्या ओळीत स्पेस जास्त आहे.’ माझं पहिलं काम त्यांनी अकरा वेळा परत पाठवलं. अकराव्या वेळी मी चक्क रडले. बाराव्या वेळी ते मंजूर झालं, आणि तेव्हापासून मला नीट काम करता येतं.

पण आता चार महिने त्यांच्याकडून चकार शब्द नव्हता. कुठलाही बदल चढवायला दोन चावीवाल्यांची मंजुरी लागते. चावी म्हणजे तो अधिकार, आणि तो तिघांकडेच: हेडमास्तर, मी, आणि एक जण, ती बाळंतपणाच्या रजेवर. कामं तुंबली, माझा पारा चढला. मी सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर लिहिलं, ‘हेडमास्तरांची चावी दुसऱ्या कुणाला द्यावी. हरकत असल्यास तीन दिवसांत कळवा.’

हा आमचा जुना नियम. तीन दिवस कुणी बोललं नाही तर सगळ्यांना मान्य. ज्याच्याबद्दल प्रस्ताव असेल त्याने मात्र तोंड उघडायचं नाही. दोन्ही नियम हेडमास्तरांनीच केलेले.

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. दादा काउंटरवर फ्रेम पुसत होता. त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, “कुणी बोललं नाही म्हणजे सगळ्यांना पटलं? मग आपल्या घरात बाबांचं सगळंच पटत होतं म्हणायचं!”

“तू फ्रेमा पूस,” मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुदत संपली, तोवर एकही मेल आला नाही. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी बोलेल. खरं सांगायचं तर मीही वाटच बघत होते, कुणीतरी मला झापावं म्हणून. कुणी झापलं नाही. मी चावी काढली.

बारा चाळीसला लिस्टवर एक अनोळखी मेल आला.

‘मी हेडमास्तरांची बायको. माझी हरकत आहे. तुमचा मेल मी पहिल्याच दिवशी ऐकला, ह्यांच्याच प्रोग्रॅममधून. पण लिस्टवर लिहायचं तर नाव नोंदवावं लागतं, आणि तिथे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायला सांगतात. ती मला कुठून दिसणार? ह्यांना सांगावं, तर नियमात बसत नाही म्हणून लिहूच दिलं नसतं. शेवटी आज शेजारीण कपडे वाळत घालायला आली, तिला हाक मारली. उशीर झाला, माफ करा. ह्यांना पक्षाघात झाला, चार महिने उजवा हात उचलत नाही. कुणाला सांगू नकोस म्हणाले. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधतात. तीन दिवस माझ्या शेजारी बसून आहेत. मेल आल्याचा आवाज झाला की विचारतात, कुणाचा?’

ते चित्र मी लावलं होतं. दोन वर्षांपूर्वी, फालतू मेल येऊ नयेत म्हणून. तेव्हाही प्रस्ताव मांडला होता, तीन दिवस थांबले होते, कुणीच हरकत घेतली नव्हती. घेणार कोण? ज्यांची हरकत असती त्यांना आत येताच येत नव्हतं. दिवसभर मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. कुणाला वाचता आली नाहीत तर भिंग बदलते, दुकानाबाहेर काढत नाही. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चावी मी तिथल्या तिथे परत दिली. नियम मोडला तर मोडला. मग लिस्टवर लिहिलं, ‘या वेळी गप्प बसलेलं चालणार नाही. हेडमास्तर हवेत की नकोत, प्रत्येकाने लिहा.’

संध्याकाळपर्यंत बाराही उत्तरं आली. बाळंतिणीचंसुद्धा: ‘एका हातात बाळ आहे, दुसऱ्याने लिहितेय. हवेत.’ हेडमास्तरांचं मात्र काही नाही. ते चित्र काढून टाकणारा बदल मी लिहिला आणि मंजुरीसाठी त्यांच्याकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते, तेवढ्यात त्यांचा शेरा आला.

‘पुन्हा करा. सातव्या ओळीत स्पेस जास्त आहे.’

पाठोपाठ त्यांच्या बायकोचा, काकूंचा मेल. ‘एवढं टाइप करायला पाऊण तास लागला. मला हात लावू दिला नाही. आता विचारताहेत, उत्तर आलं का?’

गिऱ्हाइकाला म्हटलं, “एक मिनिट हं.” आणि ती स्पेस काढायला बसले.