सरकारी साक्षीदार

साक्षीदाराच्या पिंजऱ्याची पायरी चढताना महिपतने कठडा धरला. वनरक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून तो बाळकुमच्या घरातून फारसा बाहेर पडत नसे. आज वनखात्यातर्फे साक्ष द्यायला त्याला ठाण्याच्या कोर्टात बोलावलं होतं. त्याचा मुलगा मितेश त्याच खात्यात कंत्राटी ड्रायव्हर होता. सकाळी चहा पिताना मितेश एवढंच म्हणाला होता, “बाबा, विचारतील तेवढंच बोला.”

दावा माजिवड्यामागच्या डोंगरातल्या ओढ्याचा होता. करवंदपाड्याच्या लोकांनी ओढ्याला दगडांचा बांध घालून नळीने पाणी घरापाशी आणलं होतं. ओढा जंगलातला, म्हणजे पाणी सरकारचं, बांध काढा, असं खात्याचं म्हणणं. पाड्याचं म्हणणं, बांध नवा असेल, पण पाणी आम्ही आजोबा-पणजोबांपासून पितोय.

“तुम्ही त्या डोंगरात वनरक्षक होतात तेव्हा तिथे बांध किंवा नळी होती?” सरकारी वकील दीप्तीने विचारलं.

“नव्हती.”

खरंच नव्हती. दीप्ती समाधानाने खाली बसली. मग पाड्याची वकील रसिका उठली.

“पाड्यातली माणसं मग पाणी कुठून आणायची?”

‘आठवत नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. महिपतची नजर मागच्या बाकावर गेली. तिथे पाड्यातल्या बायकांमध्ये शकू बसली होती. केस पार पांढरे झालेले, पण हनुवटीवरचं गोंदण तेच. त्याने कठड्यावरचा हात काढला.

“त्याच ओढ्यातून,” तो म्हणाला. “मी स्वतः प्यायलोय. नोकरीत नवीन होतो, वणवा विझवायला गेलेलो. ऊन लागून पडलो. त्या शकूबाई ओढ्यावरून हंडा घेऊन येत होत्या. मला सावलीत ओढलं, अख्खा हंडा डोक्यावर ओतला. मग प्यायला आणायला परत खाली उतरल्या. त्या नसत्या तर मी आज इथे नसतो, साहेब.”

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. रसिकाने पुढे काही विचारलं नाही.

बाहेर व्हरांड्यात दीप्तीने त्याला गाठलं. “काका, साक्षीदार तुम्ही आमचे होतात.”

“हो, मॅडम.”

तिने हातातली फाईल मिटली. “खात्याच्या साहेबांशी बोलते मी,” म्हणाली. “हे ताणण्यात आता अर्थ नाही.”

बोलली ती. पुढच्या तारखांना दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली आणि तडजोड झाली. ओढा जंगलाचाच राहील, पाड्याला पिण्यावापरण्यापुरतं पाणी घेता येईल. बांध वाढवायचा नाही, पंप बसवायचा नाही. मितेशच्या कंत्राटाला कोणी हात लावला नाही. तडजोडीचं कळल्यावर तोच म्हणाला, “चला बाबा, तुम्हाला पाड्यावर नेतो.”

शकू अंगणात नाचणी पाखडत होती. महिपत तिच्यासमोर बसला आणि त्याने हात जोडले. बदली झाली, मग यायचं राहूनच गेलं, म्हणाला. मितेशचं लग्न, नातीचं बारसं, प्रत्येक वेळी तिची आठवण आली होती, हेही त्याने सांगितलं. मितेश बाजूला उभा राहून ऐकत होता. यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं.

शकूने सूप खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, मग ओशाळून हसली.

“खोटा कशाला बोलू, दादा. कोर्टात तुमी माजा नाव घेतला तवापासून आठवून बघते. नाय आठवत. लय जन यायचे तवा, कोन पडायचा, कोन तानेला असायचा. पानी द्यायचा नि आपल्या कामाला लागायचा.”

महिपतने जोडलेले हात सोडले नाहीत.

शकूला वाईट वाटलं असावं. ती जराशी पुढे वाकली आणि काळजीने म्हणाली, “पन आता बरा वाटतो ना तुमाला?”

“हो,” महिपत म्हणाला. “आता बरं आहे.”