लॉरेनबाईंचा मंगळवार

डाल्टन व्हॉसला मेरेडिथ क्रूगरचा हेवा वाटायचा, आणि तो हेवा मनापासून करायचा. अर्धवट काहीही करायची सवय त्यानं कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर सोडून दिली होती.

ते पहिलं वर्ष त्यानं ड्रम बडवण्यात घालवलं. बँडला नाव मिळालं नाही, डाल्टनला मात्र केमिस्ट्रीत काठावरचा डी मिळाला. मग तो शहाणा झाला. ड्रम विकले, केमिस्ट्री पुन्हा घेतली, पुढची वर्षं पहिल्या बाकावर काढली आणि मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेतही चांगले गुण पाडले. पण मेडिकलच्या अर्जात जुना डी नव्या ‘ए’च्या शेजारी तसाच बसतो, दुसऱ्या लग्नाच्या फोटोत पहिल्या नवऱ्यानं बसावं तसा. कॉलेजच्या मार्गदर्शक बाईंनी तो डी चष्म्यावरून पाहिला, चष्म्यातून पाहिला आणि सांगितलं की आता सगळी भिस्त अर्जासोबतच्या निबंधावर आहे, तेव्हा कुणाचं तरी दुःख जवळून पाहा.

दुःख जवळून पाहण्यासाठी नेब्रास्कातल्या त्या गावात एकच वृद्धाश्रम होता, धान्याच्या उंच कोठारांच्या पलीकडे. डॉक्टर होऊ पाहणारी सगळी पोरं तिथं आठवड्यातून एकदा म्हाताऱ्यांशेजारी बसायला येत. सगळ्यांत जास्त मागणी होती लॉरेन हबर्डना. बाईंनी जन्मभर शाळेची बस चालवलेली. हात हातात घेतला की त्या बोलायला लागत, आणि जिथं थांबायचं तिथं बरोबर थांबत. त्यांच्याशेजारी बसलेली कितीतरी पोरं आज डॉक्टर होती.

लॉरेनबाईंचा मंगळवार मेरेडिथकडे होता. त्या पोरीला आयुष्यात ‘ए’पेक्षा कमी काही मिळालेलं नव्हतं, तिचे केससुद्धा सांगितल्याप्रमाणे वागत, आणि वर तिला लॉरेनबाई. डाल्टनच्या वाट्याला गुरुवार आणि ऑर्व्हिल स्टेन्सन. ऑर्व्हिल पूर्वी धान्याच्या कोठारावर कामाला होते. ते टीव्हीवर हवामान बघत आणि पाऊस दाखवला की "हं" म्हणत. वर्षभर डाल्टन त्यांच्याशेजारी बसून हवामान बघत होता. "हं"वर निबंध होत नाही.

शेवटी त्यानं मेरेडिथला थाप मारली. गुरुवारी प्रॅक्टिकल असतं, वार बदलून घेशील का? ती लगेच हो म्हणाली, वर त्याला अर्धं सँडविच दिलं. हेवा करावा आणि समोरचा भला निघावा, याच्याइतकी गैरसोय नाही. डाल्टननं सँडविच खाल्लं आणि हेवा चालू ठेवला.

मंगळवारी लॉरेनबाईंनी त्याला बसवलं, लिंबाची जेली पुढं केली आणि स्वतःच विषय काढला.

"निबंधासाठी आलास ना राजा? लाजू नकोस. आधीच सांगते, नवरा गेल्याची गोष्ट मेरेडिथनं नेली. युद्धात गेलेला भाऊ मागच्या वर्षी एकाला दिला. आता पित्ताशयाचं ऑपरेशन तेवढं उरलंय."

डाल्टननं वही उघडली. "त्यात काळजाला भिडणारं काही?"

"खडे होते."

त्यानं वही मिटली. चेहरा असा पडला की बाईंनाच दया आली आणि त्यांनी त्याची चौकशी सुरू केली. ड्रमचं, डीचं, सगळं बाहेर आलं. बाई उशीला टेकल्या होत्या, त्या सरळ बसल्या.

"आणि हे तू लपवतोयस?"

"मग काय मिरवू?"

"अरे, ती पोरगी दर मंगळवारी इथं बसून रडते. म्हणते, लॉरेन, माझ्या आयुष्यात काही बिघडलंच नाही, मी लिहू काय? त्या डाल्टनचं बरंय, म्हणते, तो आपटून उठलाय."

डाल्टन त्या दिवशी लांबच्या रस्त्यानं घरी गेला. आपला कुणी हेवा करतं हे त्याला नवीन होतं, आणि ते जेलीपेक्षा फारच गोड होतं. घरी जाऊन त्यानं डीवर निबंध लिहिला. सबबी सांगितल्या नाहीत. रात्री ड्रम बडवले आणि सकाळी झोपून राहिलो, असं सरळ लिहिलं. मुलाखतीत डॉक्टरांनी विचारलं, ड्रम परत घेणार का? तो "नाही" म्हणाला, पण इतक्या दुःखानं की डॉक्टर हसले. वसंतात सरकारी मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली.

हा आनंद कॉलेजच्या खानावळीपर्यंत टिकला. तिथं मेरेडिथनं त्याला मिठी मारली. त्याच कॉलेजात तिलाही जागा मिळाली होती.

"लॉरेनच्या नवऱ्यावर लिहिलंस, मग?" डाल्टननं विचारलं.

"छे, फाडून टाकलं ते. ऑर्व्हिलवर लिहिलं." आणि तिनं सांगितलं. ओल्या वर्षी कोठारातला मका चिकटून घट्ट बसतो, तो फोडायला माणसाला आत उतरावं लागतं. तरुणपणी ऑर्व्हिल असेच उतरले आणि मक्यात गळ्यापर्यंत गाडले गेले. लोकांनी बाहेरून पत्रा कापेपर्यंत एक पोऱ्या त्यांचा हात धरून बसला होता. म्हणून ते अजून पाऊस बघतात. यंदा किती जणांना उतरावं लागेल ते मोजतात.

डाल्टनच्या हातात मेडिकलची जागा होती, आणि तो जळत होता. तो पाऊस त्यानं वर्षभर पाहिला होता. गुरुवार त्याचा होता. म्हातारा त्याचा होता.

तो तडक आश्रमात गेला. ऑर्व्हिल टीव्हीसमोर होते.

"मिस्टर स्टेन्सन, मला मेडिकलला जागा मिळाली."

"हं."

"मक्याचं सगळं तुम्ही मेरेडिथला सांगितलंत. मी वर्षभर इथं बसलो होतो, मला का नाही?"

म्हाताऱ्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

"तिनं विचारलं."

डाल्टन खुर्चीत बसला. मग त्यानं विचारलं, "हात धरून बसलेला तो पोऱ्या कोण होता?"

ऑर्व्हिलनी एक बोट वर केलं. "थांब जरा. वारा दाखवतायत."

डाल्टन थांबला. मेरेडिथला त्यांनी थांबवलं नसतं, याची त्याला खात्री होती.