तीर्थ शिंपडलेली पेटी

“वीज गेली की आधी प्लग काढायचा, रातिह. दिवा मग शोधायचा. आणि परत आली तरी लगेच लावायचा नाही, तिला जरा स्थिरावू द्यायचं.”

नवऱ्याचं, दर्सनाचं हे सांगणं रातिहला तोंडपाठ होतं. तो जाऊन वर्ष उलटलं, तरी ती ते पाळत आली होती. आज मात्र वीज गेली तेव्हा तिच्या एका हातात तीर्थाचं भांडं होतं आणि दुसऱ्या हातात फूल. तुम्पेक लांदेप, लोखंडाच्या पूजेचा दिवस. सुऱ्या, कोयता, अंगणातली स्कूटर, सगळ्यांची पूजा करून ती शेवटी दर्सनाच्या खोलीतल्या काळ्या पेटीपाशी आली होती. पेटीत दोन डिस्क फिरत असत, आणि त्यांच्यात दर्सनाचा आवाज होता. देवळाच्या उत्सवात तो ताडपत्रावरच्या पोथ्या गाऊन वाचायचा, ते सगळं त्याने या घरच्या सर्व्हरवर साठवून ठेवलं होतं.

पूजा अर्ध्यावर सोडायची नाही, हा तिचा नेम. तिने पेटीवर तीर्थ शिंपडलं, मंत्र पुरा केला. तेवढ्यात वीज आली, गेली, आणि दिवे भगभगून पुन्हा आली.

पेटीतून आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्.

रातिहने बटण बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच. लॅपटॉपवर पेटी दिसेना. वरच्या जाळीवर पाण्याचे थेंब चमकत होते. हे आपल्याच हातून झालं. देवाचं पाणी, आणि त्यानेच दर्सनाचा आवाज बुडवला.

तिचा फोन गेल्यावर विर्ता आला तो पूजेच्या पोशाखातच, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ही पेटी त्याने आणि दर्सनाने मिळून जोडली होती.

“किती वेळा चालू-बंद केलीस?”

“मोजलं नाही, ब्ली.” थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला म्हणायची.

“म्हणजे पुष्कळदा. अगं, लंगडणाऱ्याला कुणी शर्यतीत पळवतं का?”

तो स्क्रू काढायला बसला. रातिह उंबऱ्यातच थांबली. शेवटी तिने अगदी हळू विचारलं, “तीर्थ जास्त पडलं का हो?”

“शिंपडलंस की आंघोळ घातलीस?” तो हसला. तिचा चेहरा बघून त्याने पुन्हा स्क्रूला हात घातला.

झाकण निघालं. आत वाळक्या पाकळ्या, भाताची शितं, आणि सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या.

“रोज नैवेद्य पेटीच्या डोक्यावरच ठेवतेस वाटतं?”

“रोज.”

“मुंग्या मोठ्या भाविक गं तुझ्या. अख्खं गाव वसवलंय.” मग त्याचा आवाज बदलला. “हा नारिंगी दिवा लुकलुकायचा का?”

“गलुंगानच्या सणाआधीपासून. पाच महिने तरी झाले.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत त्या दिव्याची तिला सोबत वाटायची, हे कसं सांगणार?

“अगं, तो मदतीला हाक मारत होता. यातली एक डिस्क तेव्हाच गेलीय. दोन्हींत तेच साठवलेलं होतं म्हणून तुला कळलं नाही. आता सगळा भार या दुसरीवर. आणि ही टकटक तिचीच असली, तर…” त्याने वाक्य अर्धंच सोडलं. “पण काळजी कशाला? म्बोक सादीकडे प्रत आहेच की. तुझ्याकडून वचन घेतलंय म्हणाला होता दर्सना.”

रातिहने दाराची चौकट धरली. खाटेवर पडल्या पडल्या दर्सना म्हणाला होता, ‘एक प्रत थोरल्या बहिणीकडे, म्बोक सादीकडे दे. मला गायला तिने शिकवलं. डोळे गेलेत तिचे, कान तरी भरलेले राहू देत.’ रातिह हो म्हणाली होती. त्याने आणलेली कोरी डिस्क मात्र अजून कपाटातच होती. हा सण होऊ दे, तो सण होऊ दे, असं करत तिने दिवस काढले. खरं इतकंच होतं, की तो आवाज दुसऱ्या कुणाच्या अंगणात गेलेला तिला नको होता.

“नाही दिली,” ती म्हणाली.

विर्ताने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पेटीवर वाकला. तेच तिला जास्त लागलं.

त्याने पिशवीतून पेटीला वीज देणारा दुसरा अडॅप्टर काढला. “आधी उपाशी आहे का बघू. आजारी आहे का ते मग.”

रातिहचे हात आपोआप जोडले गेले. हे वाचव, मग मी… एवढं मनात आलं आणि ती थबकली. देवाशी सौदा कसला करायचा? वचन तर आधीच दिलेलं होतं.

विर्ताने बटण दाबलं.

टक्.

तिचे डोळे मिटले गेले. आता दुसरी टक्, मग तिसरी. ती ऐकत राहिली. दुसरी आलीच नाही. त्याऐवजी बारीक, सलग घरघर सुरू झाली, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

“जुना अडॅप्टर जळलाय,” विर्ताने तो नाकाशी धरला. “विजेच्या झटक्याने. डिस्कला पुरेसं बळच मिळत नव्हतं. तुझं तीर्थ निर्दोष आहे, बाई. लावून बघू का त्याचा आवाज?”

“नको. आधी प्रत उतरवून द्या.” तिने कपाटातली कोरी डिस्क काढून त्याच्यापुढे ठेवली.

प्रत उतरेपर्यंत रातिहने कॉफी केली, पण तिची स्वतःची पेल्यातच निवली. घरघर जरा बदलली की तिचा हात छातीवर जाई. शेवटी विर्ताने भरलेली डिस्क सोडवून तिच्या हातात दिली. ती अजून गरम होती.

पेटीवर ठेवायची फुलांची परडी रातिहने आता बाजूच्या स्टुलावर मांडली. डिस्क पिवळ्या कापडात गुंडाळली, लॅपटॉपसोबत टोपलीत ठेवली आणि कमरेचं वस्त्र नीट केलं.

“थांब, गाडीवर सोडतो,” विर्ता म्हणाला. “आणि उद्या गेलीस तरी म्बोक सादी काही पळून जात नाही.”

तिने नुसती नकारार्थी मान हलवली. टोपली डोक्यावर घेतली, एक हात तिला धरून, आणि पाटाच्या कडेने, भाताच्या खाचरांमधून ती सादीच्या घराकडे चालू लागली.