पाणी घातलेलं बाळ

"आई, बाळ खडे मारतंय," लुझमिला म्हणाली.

पत्र्यावर गारा ताडताड वाजत होत्या. नेमेसियाच्या हातातला अर्धा सोललेला बटाटा तसाच राहिला. बाळ जन्मलं आणि गेलं तेव्हा लुझमिला डोंगरापलीकडे मावशीकडे होती. तीन वर्षांच्या पोरीला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"कोण बाळ गं?"

"ते. त्याला थंडी वाजतेय."

चुलीपाशी बसलेल्या सासूने, कासिमिराने, छातीवर क्रूसाची खूण केली आणि दोघींकडे पाहायचं टाळलं.

या हंगामातला हा तिसरा मारा. तिन्ही वेळा गारा पडल्या त्या वस्तीच्या याच अंगाला, बटाटा ऐन फुलात असताना. बाप्तिस्म्याशिवाय पुरलेलं मूल नाव मागत फिरतं, आणि कोणी दिलं नाही की गारा पाडतं, हे त्या डोंगरात कोणाला शिकवावं लागत नसे. पाद्री वर वस्तीवर चढून येई तो वर्षातून एकदा, जत्रेला. तोवर न टिकणाऱ्या बाळाच्या डोक्यावर घरातल्याच कुणी पाणी घालायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे. तेवढं चालत असे. नेमेसियाने पाणी घातलं होतं. तसं तिने सांगितलंही होतं. शब्दांचं कोणी विचारलं नव्हतं.

गारा थांबल्या तशी माणसं आली. पुढे पोलिकार्पो, पाद्री नसताना देवळात प्रार्थना चालवणारा. मागे तीन-चार गडी, एकाच्या खांद्यावर फावडं. कुणाचं बाळ बाप्तिस्म्याशिवाय गेलं, हे घरोघर विचारतच आले होते.

"नेमेसिया, राग मानू नकोस. विचारावं लागतं. पाणी घालताना तू म्हणालीस काय?"

"जे म्हणायचं तेच म्हणाली," कासिमिरा आतूनच कडाडली. "चार आठवडे तालुक्याला शिकून आलास तर देवाचा जावई झालास का रे?"

"मावशी, तिला बोलू दे."

ठरलेले शब्द नेमेसियाला लहानपणापासून पाठ होते. पित्याच्या, पुत्राच्या... जिभेवरच होते. म्हणून टाकले असते तर माणसं पुढच्या दारी गेली असती. पुढचं दार एर्मेलिंदाचं होतं, आणि तिचं बाळ तर पोटातच गेलं होतं; त्याच्यावर पाणीसुद्धा पडलं नव्हतं. शिवाय त्या पहाटे बाळाची छाती घुरघुरत असताना जे तोंडातून निघालं, तेवढंच काय ते बाळाच्या आणि तिच्यात झालेलं बोलणं. ते नाकारायचं म्हणजे मग उरतं काय?

"मी म्हणाले, 'हे घे. तुझंच आहे. सांभाळ.'"

"कुणाला म्हणालीस?"

"बाळाला. आणखी कोण होतं तिथे?"

पोलिकार्पोने टोपी काढली. त्याला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "हा बाप्तिस्मा नव्हे, बाई. उकरून खिंडीपलीकडे न्यावं लागेल. शिवेबाहेर."

"पाद्रीबाबांनी सांगितलंय असं करायला?"

"पाद्रीबाबांचं शेत नाही इथे," मागून एक गडी म्हणाला.

नेमेसियाने लुझमिलाला पाठीशी बांधलं आणि ती त्यांच्यापुढे चालू लागली. परक्यांनी बाळाला पुरलेली जागा शोधत फिरावं, हे तिला नको होतं. पायाखाली गारा करकरत होत्या. शेतं, वाट, मेंढवाड्याचं दगडी कुंपण, सगळं पांढरं.

जागा दाखवावी लागली नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात सुपाएवढी जमीन काळी होती, आणि कोरडी. वर ना झाड, ना छप्पर.

गडी मागे सरकले.

"पाहिलंत?" पोलिकार्पो हळूच म्हणाला. "गार आपल्या धन्याला मारत नाही."

नेमेसिया गुडघ्यांवर बसली. तिने मातीवर तळवा ठेवला. कोणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी माती कोमट होती.

"सांभाळलंय त्याने," ती म्हणाली.

मग फावडेवाला शेजारच्याला म्हणाला, "तू मार पहिला घाव."

"मी का? प्रार्थना म्हणतो त्याला मारू दे."

पोलिकार्पोने फावडं घेतलं. तोवर नेमेसिया सरकून त्या काळ्या मातीवर बसली होती, घेरदार घागरा चहूकडे पसरून. पाठीवरची लुझमिला मान वळवून खाली मातीकडे बघत होती. बघता बघता ती हसली, ओळखीच्या माणसाला पाहून हसावं तशी.

फावड्याच्या पात्यावर पहिली गार टणकन वाजली.

गडी वाटेकडे धावले. पोलिकार्पो घुटमळला. "ऊठ नेमेसिया, पोरगी लहान आहे. आम्ही उद्या परत येणारच." ती उठली नाही. फावडं डोक्यावर आडवं धरून तोही गेला.

तिने लुझमिलाला पाठीवरून सोडून मांडीत घेतलं आणि तिच्यावर वाकली. गारा आता मानेवर, पाठीवर बसू लागल्या. त्या तिला चुकवत नव्हत्या.

करकर ऐकू आली. कासिमिरा. गुडघ्यांमुळे ती एवढ्या लांब कधी येत नसे. धापा टाकत ती उभी राहिली. सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे.

"जरा सरक," ती म्हणाली, आणि घागरा सावरत शेजारी बसली.